शेवटचा नंबर काकींचा

श्रीमती द्वारकाबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती खाडीच्या दोन काठांवरून, ओरडून. त्या पलीकडच्या काठावर होत्या, मी अलीकडच्या, आणि त्यांनी माझी चांगली सणसणीत हजेरी घेतली. त्यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मला सगळ्यात आधी ती हजेरीच आठवली. या खाडीकाठच्या लहानथोरांच्या त्या 'काकी' आहेत, म्हणून मीही पुढे त्यांना काकीच म्हणणार आहे. द्वारकाबाई म्हटले की मला उगीच दुसऱ्याच कोणाविषयी लिहितो आहे असे वाटते.

मी मूळचा घाटावरचा, धंद्याने दंतवैद्य. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मालवणात दवाखाना थाटला. शहरात दोन पैसे जास्त मिळाले असते हे खरे, पण तिथे दंतवैद्य गल्लोगल्ली होते आणि या किनाऱ्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हते. तरीही पहिले वर्षभर मी बहुतेक माशा मारत बसलो. दात दुखला की माणसे लवंग धरायची, बिब्बा लावायची, फारच झाले तर बाजाराच्या दिवशी पकड घेऊन बसणाऱ्या माणसापुढे तोंड उघडायची. खाडीकाठच्या गावांतून तर मालवणला यायचे म्हणजे होडी, चाल आणि एक दिवसाची मजुरी बुडवणे. दातासाठी कोण येतो! तेव्हा आपणच गावात जावे असे मी ठरवले. खाजणगावच्या शाळामास्तरांशी बोलून दिवस पक्का केला, हत्यारांची पेटी घेतली, पायाने चालवायचे दात कोरण्याचे यंत्र गोणपाटात गुंडाळले, आणि भाड्याची बैलगाडी करून निघालो.

गाडीवान वाटेत गावच्या मिरच्यांपासून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत सगळ्या विषयांवर बोलला. गावाची वेस आली तसा मात्र खाली उतरला आणि म्हणाला, "हंयच उतरा. माझी गाडी आत जावची नाय."

मला वाटले, आळशी आहे. मीही तेव्हा तापट होतो, (अजूनही आहे, हे काकी सांगतीलच). काही न विचारता पेटी डोक्यावर घेतली आणि गावात शिरलो. दारांना कड्या. शाळेला कुलूप. गोठे रिकामे, खुराडी रिकामी, भुंकायला कुत्रे नाही की आरवायला कोंबडा नाही. विहिरीवर दोर नव्हता. अंगणात तुळशी तेवढ्या होत्या. भर सकाळी असा गाव मी कधी पाहिला नव्हता. मी शाळेच्या पायरीवर बसून घड्याळाकडे पाहत राहिलो आणि कोकणी माणसाच्या वेळ पाळण्याविषयी मनात जे जे आले ते इथे छापण्याजोगे नाही. मग वाऱ्याबरोबर कुठूनतरी टाळ-मृदंगाचा आवाज आला. त्या रोखाने चालत खाडीवर पोचलो, तर पलीकडच्या काठावर माडाच्या झावळ्यांच्या झोपड्याच झोपड्या, चुलींचा धूर, गुरे, कोंबड्या, पोरे. सगळे गाव जत्रेसारखे तिथे पसरलेले. त्यातून एक उंच बाई हातातला डाव उगारत पाण्याच्या कडेशी आल्या.

"ओ टोपीवाले! थंय खंय फिरतास? गाव रिकामो आसा! आदी भायर येवा!"

"मी दातांचा डॉक्टर आहे! आज शिबिर ठरलंय!"

"शिबिर मगे! देवाचो गाव आसा आता तो. भायर येवा म्हणतंय ना!"

ही गावपळण होती. ज्यांना हा रिवाज ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडच्या काही गावांत काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाचा कौल घेतात, आणि देवाने कौल दिला की सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन राहतो. तीन दिवस गाव देवाचा. मानकरी असो की कूळ, हिंदू असो की मुसलमान, मागे कुणी राहत नाही. माझा दिवस ठरल्यानंतर हा कौल झाला होता. मास्तर शाळा बंद म्हणून आपल्या घरी गेलेले, आणि मला कळवायचे कुणाच्याही डोक्यात आले नाही, कारण गावपळण आहे हे माहीत नसलेला माणूस जगात असू शकतो असे तिथे कुणाला वाटतच नव्हते. पुढे मी त्या गाडीवानाला जाब विचारला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सगळ्यांका म्हायत आसा. तुमी माका इचारलास खंय?"

होडीने मला पलीकडे नेले तेव्हा मी रागाने लाल झालो होतो आणि परत जायची भाषा करत होतो. तिथे मात्र निराळाच प्रश्न उभा होता. देवाच्या रिकाम्या गावात परक्या माणसाचा पाय पडला, आता काय? देवस्थानचे मानकरी बाबलीतात्या गंभीर चेहऱ्याने पुढे आले. सगळे गोळा झाले. काकी तात्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या, आणि तात्यांनी हात जोडून गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका आवाजात.

"आज ह्यो घाटावरसून इल्लो डाक्टर, ह्येका तुझी रीत म्हायत नाय म्हणान तुझ्या गावात पाय टाकल्यान, ती चूक पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि इल्लोच आसा तर ज्येंचे दात दुखतत त्येंका बरा कर, आणि ह्येच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ते दुसरे मागणे काकींचे होते. माझी परत जायची वाट त्यांनी देवाच्याच तोंडून बंद केली, आणि लगेच वळून मला म्हणाल्या, "बसा. हत्यारा उकळूक टोप ठेवलंय."

गावच्या बंदरावर काकींची खानावळ होती. यजमान तांडेल, म्हणजे मचव्यावरचे मुख्य खलाशी, वर्षातले निम्मे महिने समुद्रावर. खानावळीत खलाशी, हमाल, व्यापारी, शिपाई, सगळे जेवून जात. पानावर कोण काय टाकून उठतो हे वाढणारणीच्या नजरेतून सुटत नाही. पण काकींना दातांचा जो ध्यास लागला होता तो त्यामुळे नव्हे. हत्यारे उकळेपर्यंत चुलीशी बसून त्यांनी मला शेवंतीची हकिगत सांगितली. काकींचे माहेर खारेपाटणचे. शेवंती त्यांची पाठची बहीण, नांदगावला दिलेली. बाळंतपणानंतर तिची दाढ दुखू लागली. बिब्बा झाला, लेप झाले. गाल सुजला, मग गळा सुजला. गाडी मिळेपर्यंत आणि डॉक्टर कुठे आहे ते कळेपर्यंत तिला पाणीही गिळेना. ती वाटेतच, बैलगाडीत गेली.

"दातान माणूस मरता, डाक्टरानू," काकी म्हणाल्या. "कोणाक सांगितला तर हसतत. तुमी हसू नकात."

मी हसलो नाही. दाढेचा पू गळ्यात उतरला की माणूस गुदमरून जातो हे मी पुस्तकात वाचले होते. ज्याच्या घरी ते घडले असे माणूस मला प्रथमच भेटत होते. काकींच्या आयुष्याचे सारे काम मला त्या चुलीपाशी कळले. या खाडीकाठी पुन्हा कुणी दातापायी जाऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. पुढचे सगळे, मंडळ, खुर्ची, आमची भांडणे, त्याच्यासाठी होते.

त्या दिवशी आधी कुणी पुढे येईना. पुरुष एकमेकांना ढकलत होते, बायका तर झावळ्यांआडून बघत होत्या. परक्या पुरुषापुढे तोंड उघडायचे आणि तेही मशेरीने काळे झालेले, हे कुणाला रुचणार? शेजारची राहुटी दाऊदशेठांची होती. ते मचव्यांचे मालक आणि जमातीचे प्रमुख. काकींनी त्यांना हाक मारली, "शेठ, जुना शीड आसा काय?" शीड आले. दोन माडांना बांधून त्याचा पडदा झाला. पडद्याच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला बायकांची रांग, आणि आत प्रत्येकीचा हात धरायला काकी. थुंकायला भांडे नव्हते, तर प्रत्येकाच्या हातात एक करवंटी दिली; काम झाले की करवंटी चुलीत. शहरातल्या मोठ्या इस्पितळातसुद्धा याहून स्वच्छ व्यवस्था मी पाहिली नव्हती. पहिल्यांदा दाऊदशेठांच्या आई आल्या, मग तात्यांची सून, मग मच्छीमार सोसायटीचे चेअरमन भिकाजी तांडेल यांच्या घरच्या बायका. आपापल्या वाड्यांत या तिघींनी एकमेकींच्या घरचा उंबरा कधी ओलांडला असेल की नाही, मला शंका आहे. इथे उंबराच नव्हता. गावपळण उठून माणसे घरी परतायच्या आत काकींनी तात्या, शेठ आणि भिकाजी या तिघांना चुलीपाशी बसवले, सोलकढी पाजली आणि मंडळ स्थापन करून टाकले. नाव भारदस्त ठेवले आहे. लोक मात्र त्याला 'दातांचा मंडळ' म्हणतात आणि तेच खरे.

देवस्थानाने बाकडी आणि मांडव द्यायचा, शेठांनी होडी, सोसायटीने गावोगावी निरोप, काकींनी उकळते पाणी आणि जेवण, मी हात, असे ठरले. ठरले म्हणजे काकींनी सांगितले आणि आम्ही माना डोलावल्या. वर्षभरात शिबिरे सुरळीत चालू झाली. मग मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने उत्साहाने एक गोष्ट केली आणि आमच्या एकीवर घाला आला. त्यांनी दातांची खुर्ची पाठवली.

खुर्ची बोटीने आली. लोखंडी, मान टेकायला उशी, पाय ठेवायला पायरी, खालीवर होणारी. बंदरावर ती उतरली तेव्हा अर्धा तालुका बघायला जमला होता. प्रश्न एवढाच होता की ती ठेवायची कुठे. तात्या म्हणाले, देवळाच्या सभामंडपात. शेठ म्हणाले, तिथे आमच्या बायका कशा येतील, माझ्या वखारीत ठेवा. भिकाजी म्हणाले, वखारीत माझी माणसे उभी राहणार नाहीत, सोसायटीच्या शेडमध्ये ठेवा. सभांवर सभा झाल्या. तात्यांनी बाकडी परत मागितली, शेठांनी होडी थांबवली. मीही एका सभेत टेबलावर मूठ आपटून राजीनामा दिला. तो कुणी घेतला नाही, कारण मंडळात मी नेमका कोण होतो हेच ठरलेले नव्हते.

या साऱ्या काळात खुर्ची काकींच्या खानावळीच्या पडवीत होती. काकींनी तिच्यावर तांदळाचे पोते ठेवले. जो कोणी विचारायला येई त्याला सांगत, "तुमचा जमापर्यंत तांदूळ बसतलो." येणारे-जाणारे हसू लागले. पोत्याने दात काढून घेतले काय, असे खलाशी तिघांना रस्त्यात विचारू लागले. शेवटी तिघेही एका सकाळी पडवीत आले, नेमके एकाच वेळी, आणि त्यामुळे कुणालाच परत फिरता येईना. काकींनी त्यांना जेवू घातले आणि मग म्हणाल्या, "देवाची पालखी खंय एका घराक रवता? सगळ्यांच्या दारात जाता, म्हणान सगळ्यांची. खुर्ची तशीच फिरतली."

तेव्हापासून खुर्ची फिरते आहे. दर महिन्याला निराळ्या गावी, होडीतून. तिच्या स्वागताला आता रीतच पडून गेली आहे. हिंदू वाडीत तिला हार घालून नारळ फोडतात, मोहल्ल्यात अत्तर लावतात. एका गावी तर तिच्यापुढे भजन झाले आणि मला तोवर उपाशी बसावे लागले. आज पार दूरच्या आरोंद्यापासून माणसे विचारत येतात की खुर्ची सध्या कुठे आहे. डॉक्टर कुठे आहे असे अजून कुणी विचारलेले नाही.

या खुर्चीबरोबर काकींनी एक नियम घातला. ज्याचा नंबर त्याने बसायचे. फक्त गाल सुजलेला असेल तर तो सगळ्यांच्या आधी. शेवंतीची आठवण म्हणून तेवढी सूट. बाकी ना वशिला, ना घरपोच डॉक्टर. या नियमाची परीक्षा लवकरच झाली. एका गावच्या खोतांनी दिवाणजी पाठवला, डॉक्टरांनी पेटी घेऊन वाड्यावर यावे. खरे सांगायचे तर मला जरा बरे वाटले होते आणि मी टोपीही उचलली होती. काकी दिवाणजींना म्हणाल्या, "खोतांक माझो नमस्कार सांगा. आज एका घरात डाक्टर गेलो तर उद्या शेठ बोलवतले, परवा तात्या. मगे खुर्चीर कोण बसतलो?" दिवाणजी गेले. आता खोत मंडळाला गावबंदी करतात की काय, म्हणून आम्ही बसून होतो. दुपारी खोत स्वतः आले. एका बाजूला मासळी विकणारी बाई, दुसऱ्या बाजूला गवंडी, आणि मध्ये खोत, हातात करवंटी. त्यांची दाढ निघाली, वर काकींनी त्यांना गुळण्यांसाठी मिठाचे पाणी दिले, आणि खोत त्यांना म्हणाले, "काकी, तुमच्या रांगेत माणूस बरा होतो हो." पुढे मांडवासाठी बांबू त्यांच्याच बागेतून येऊ लागले.

काकींचा दरारा असा, पण माया किती आहे हे माझ्या घरी विचारावे. माझी पत्नी लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिला समुद्राच्या वाऱ्याची भीती वाटे, इथले बोलणे कळत नसे, आणि मी शिबिरांच्या निमित्ताने सदा बाहेर. तिला दिवस गेले आणि जेवण जाईना. काकींनी तिला तीन महिने खानावळीच्या माडीवर नेऊन ठेवले. कुळथाची पिठी आणि पेज, बरोबर आंब्याचे लोणचे, एवढ्यावर तिला उभी केली. बाळंतपणात माझ्या पत्नीने जो हात धरला तो काकींचा. घरी परतली तेव्हा ती माझ्याशी मालवणीत भांडू लागली होती. ही मदत की सूड, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. बायकांची मशेरी सोडवण्यासाठी मी आलेख काढून व्याख्याने दिली, त्यांचा उपयोग शून्य. काकींनी स्वतःची मशेरीची डबी सगळ्यांच्या देखत खाडीत फेकली आणि म्हणाल्या, "माका जमला तर तुमका कित्याक जमाचा नाय?" त्यानंतर महिनाभर त्या इतक्या चिडचिड्या झाल्या होत्या की खानावळीतली गिऱ्हाइके आवाज न करता जेवत. पण मशेरी सुटली, आणि त्यांच्यामागून अनेकींची सुटली.

एवढे सगळे असून एक गोष्ट माझ्या मनाला टोचत असे. काकी स्वतः त्या खुर्चीवर कधी बसल्या नव्हत्या. मी पहिल्याच वर्षी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "माझो नंबर शेवटाक. रांग संपली काय बसतंय." रांग कधी संपतच नसे. सुकती, म्हणजे ओहोटी, लागायच्या आत होडी काढावी लागते, नाहीतर ती चिखलात रुतून बसते. त्यामुळे दर वेळी पाच-सहा माणसे पुढच्या महिन्यावर जात आणि त्यांच्या मागे काकी. वर्षे अशी गेली. या किनाऱ्यावरची हजारो तोंडे मी पाहिली, फक्त ज्यांनी ती माझ्यापुढे उघडायला लावली त्यांचे नाही.

गेल्या वर्षी माझ्या लक्षात आले की काकी एकाच बाजूने जेवतात. मग भाकरी सोडून पेज खाऊ लागल्या. थंड पाणी पिताना डोळा बारीक करतात. दंतवैद्याला आणखी काय सांगायचे? मी विचारले तर म्हणाल्या, "जरा ठणकता. सूज नाय. सूज इली काय पयली बसान, नियमच आसा तसो." मी घरी येतो म्हणालो, तर खोतांची आठवण करून दिली. मालवणला दवाखान्यात चला म्हणालो, तर म्हणाल्या, "मी थंय गेलंय तर लोक म्हणतले, काकीचो स्वताच्याच खुर्चीर इस्वास नाय." मी चिडलो. इतका चिडलो की खानावळीत सगळ्यांदेखत ओरडलो, की सूज यायची वाट शेवंतीनेही पाहिली होती! काकी पदराने हात पुसून आत गेल्या, आणि दुसऱ्या महिन्यात नेहमीप्रमाणे रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. त्या दिवशीही सुकती आधी लागली. होडीत बसताना मला काठावर काकी दिसत होत्या, गालाला हात लावलेल्या, आणि मला भीती वाटत होती. मी इतकी माणसे बरी केली आणि हे माणूस माझ्या डोळ्यांसमोर जाणार, नियमाने जाणार, असे मला वाटत होते.

ती भीती मी एकट्याने वाहावी अशी नव्हती. मी तात्यांकडे गेलो, शेठांकडे गेलो, भिकाजींकडे गेलो. खुर्चीवरून जे तिघे एकमेकांचे तोंड पाहत नव्हते ते माझे बोलणे ऐकून एकाच वाक्यावर आले, "रांगच नको." पुढचे त्यांनी मला सांगितले नाही. "तुमी फकस्त वेळेर येवा," एवढेच तात्या म्हणाले.

त्या महिन्यात खुर्ची खाजणगावात होती. सकाळी मी पत्नीला घेऊन होडीतून उतरलो. मांडव उभा, बाकडी मांडलेली, खुर्चीला ताजा हार, टोपातून वाफ निघते आहे, आणि माणूस एक नाही. शाळेच्या वाटेवर कुणी नाही, विहिरीवर कुणी नाही. काकी करवंट्यांचा ढीग पुढ्यात घेऊन मांडवात उभ्या होत्या, चक्रावलेल्या.

"गेले खंय सगळे?" त्या म्हणाल्या. "कौल झालो काय? माका कोणी सांगूक नाय ता?"

मी खाडीकडे बोट दाखवले. पलीकडच्या काठावर, जिथे तेव्हा झोपड्या होत्या तिथेच, माडांखाली सगळा गाव बसला होता. इतर गावांहून दातदुखी घेऊन आलेली माणसेही होती. गालाला फडकी बांधून तीही गप्प बसली होती. मध्ये तात्या, शेठ, भिकाजी एका ओळीत. तात्यांनी खरोखरच देवाला कौल लावला होता आणि देवाने उजवा, म्हणजे होकार, दिला होता. शेठांनी मशिदीत सांगितले होते, भिकाजींनी होड्यांवर. काकी पहाटे मांडवात पाणी तापवत होत्या, तेवढ्यात सगळे गुपचूप पलीकडे गेले होते. ही बातमी किती घरांतून फिरली असेल, आणि काकींच्या खानावळीत दोन वेळा जेवणाऱ्या एकाही माणसाने ती काकींना कळू दिली नव्हती.

मी त्यांना त्यांचेच पहिले वाक्य परत केले. माझी मालवणी काही धड नाही, पण म्हटले, "काकी, गाव रिकामो आसा. तुमच्या मागे कोण नाय, पुढे कोण नाय. बसा."

काकींनी पलीकडे पाहिले, खुर्चीकडे पाहिले. मग पोत्याची धूळ झटकावी तशी त्यांनी खुर्ची पदराने झटकली आणि बसल्या. दर वेळी दुसऱ्यांचा हात धरणाऱ्या त्या. आता आपला हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. माझ्या पत्नीने आपला हात पुढे केला. काकींनी तोंड उघडले. खालची दाढ पार आतपर्यंत गेलेली होती, हिरडीखाली पू धरू लागला होता. आणखी एक खेप चुकली असती तर काय झाले असते ते मी इथे लिहीत नाही. सुई दिली, थांबलो, आणि दाढ काढली.

काकींनी करवंटीतली दाढ बराच वेळ पाहिली. मग त्या रडल्या. आम्ही दोघांनी त्यांना रडताना कधी पाहिले नव्हते. "शेवंतीक अशी खुर्ची कोणी दिली नाय रे," एवढेच त्या म्हणाल्या. नंतर डोळे पुसले, गुळणी केली, करवंटी चुलीत टाकली आणि बधिर झालेल्या ओठांनी खाडीपार हाक घातली, "येवा रे आता! सुकती लागतली!" होड्या सुटल्या, आणि जरा वेळाने रांग नेहमीसारखी भांडू लागली.

काकींना हारतुरे आवडत नाहीत. हा अंक निघतो आहे हे कळल्यावर त्यांनी मला विचारले, की त्या कागदाच्या पैशात करवंट्या वाहायला एक टोपली आली नसती काय. तेव्हा शेवटची शुभेच्छा मी व्याख्यानाच्या भाषेत देत नाही. इतकी वर्षे तुम्हा लोकांत राहिलो, तर एकदा गाऱ्हाणे घालायचा हक्क मलाही असावा. वाचणाऱ्यांनी, जिथे असाल तिथून, साथ द्यायची आहे.

बा देवा म्हाराजा! तुझ्या रिकाम्या गावात चुकून पाय टाकणाऱ्या या घाटावरच्या डॉक्टरला ज्यांनी हाक मारून बाहेर काढले आणि आत घेतले, त्या आमच्या काकींना निरोगी शंभर वर्षे दे रे म्हाराजा! त्यांचे उरलेले दात मी आता पाहिले आहेत; ते सगळे जागच्या जागी ठेव. आणि खुर्चीपुढची रांग कधी संपली नाही तरी, त्यांचा नंबर येईल तेव्हा सगळ्या गावाला पलीकडे जाऊन बसायची बुद्धी दे रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!